रंगारी सर आणि वाडीचा काटा

रंगारी सर डोळे मिटून बसत. खुर्चीत ताठ, दोन्ही हात टेबलावर पालथे, अंगठे आत दडवलेले आणि उरलेली आठ बोटं एकामागून एक किंचित उचलत, टेकवत. ओठ हलायचे, आवाज नाही. पाहुणे आले की आमचे संचालक त्यांना काचेपलीकडून हे दृश्य दाखवत आणि आवाज खाली आणून सांगत, "आमचे सर्वांत ज्येष्ठ अभियंते. ध्यान करतात. तंत्रज्ञान आणि अध्यात्म, दोन्ही." पाहुणे मान डोलवत. एकदा एकाने चपला काढल्या.

मी नवा होतो तेव्हा धीर करून विचारलं होतं, की सर, मंत्र कोणता? त्यांनी डोळे उघडले नाहीत. "मंत्र नाही गा. मशीन होऊन राहिलो. मधात बोलू नको, तिसरं बोट विसरून जाईन."

आमची कंपनी मानेवाड्याकडच्या रिंग रोडवर एका मंगल कार्यालयाच्या वरच्या मजल्यावर होती. लग्नसराईत खालून बँडचा आवाज आणि तळणाचा वास येई, आणि आम्ही वर देशाच्या डिजिटल भवितव्यावर काम करत असू. म्हणजे तसं भिंतीवर लिहिलं होतं. त्याआधी मी बरीच वर्षं कॉलेजांमध्ये तासिका तत्त्वावर मराठी शिकवलं. एका वाक्यात सांगता येण्यासारखी गोष्ट तीन पानांत कशी लिहावी, हे मी मुलांना शिकवत होतो, त्यामुळे यंत्रांची माहितीपत्रकं लिहिण्याची ही नोकरी लगेच मिळाली. सर मला मास्तर म्हणत. त्यात आदर किती आणि सहानुभूती किती, हे मला कधी कळलं नाही.

मनोहर रंगारी कोराडीच्या वीज केंद्राच्या वसाहतीत वाढले. वडील कोळशाच्या विभागात होते. तिथे दोरीवर वाळत घातलेला शर्ट अंगात घालायच्या आधी झटकावा लागे, कारण तोवर त्यावर राख बसलेली असे. ती सवय सरांच्या हातात राहिली होती. कोणी नवा मुलगा आपण लिहिलेला कोड कौतुकाने दाखवायला आला, की ते पूर्ण वाचत आणि म्हणत, "चांगला आहे. आता झटकून आण." मुलगा परत आला की पुन्हा, "अजून झटक. राख आहे." असं दोनतीनदा झालं की मुलगा दुसऱ्या साहेबांकडे जाऊ लागे. सरांना त्याचं वाईट वाटत नसे. संध्याकाळी ते चष्मा पुसत आणि "थकलो गा मास्तर," एवढं म्हणून डबा उचलून हुडकेश्वरला घरी जात. ते तक्रार म्हणून नसे, वेळ सांगावी तसं असे.

आता आमच्या त्या पेटीबद्दल सांगायला हवं. तिच्याशिवाय सरांची गोष्ट कळणार नाही.

वाडीला अमरावती रोडवर ट्रकांची वजनं करणारे काटे आहेत. धरमकाटा म्हणतात त्याला. ट्रक काट्यावर उभा राहतो, आत खिडकीत बसलेला माणूस गाडीचा नंबर, माल, पार्टीचं नाव टाकतो, वजन आपोआप येतं आणि पावती निघते. पावती निघाल्यावर कोणी आतली नोंद बदलू नये, म्हणून आम्ही एक लहान पेटी बनवली होती. ती प्रत्येक पावतीच्या मजकुराचा एक ठसा काढी. त्याला हॅश म्हणतात. मजकूर कितीही असो, ठरलेल्या गणितातून तो गाळून एका ठरावीक लांबीचा आकडा निघतो. मजकुरातलं एक अक्षर बदललं तरी आकडा पूर्ण बदलतो आणि आकड्यावरून मजकूर परत मिळवता येत नाही. मी यावर माहितीपत्रकात तीन पानं लिहिली. सरांनी ती वाचली आणि म्हणाले, "ठेचा म्हण न सरळ. ठेच्यातून मिरची परत निघत नाही. आन मीठ कमी झालं त खाणाऱ्याले कळते."

पेटी प्रामाणिक होती, पण मंद होती. नवी पावती छापण्याआधी ती सकाळपासूनच्या सगळ्या पावत्यांचे ठसे पुन्हा काढून ताडून पाही. आतली चिप स्वस्तातली. सकाळी कोणाला काही जाणवत नसे. दुपारनंतर पेटी विचारात पडू लागे, आणि संध्याकाळी ट्रकांची रांग काट्यापासून मोठ्या रस्त्यावर जाई. ड्रायव्हर हॉर्न वाजवत, काटेवाले आम्हाला फोन करत. नवी चिप घ्यायला पैसे नाहीत असं संचालकांचं मत होतं. तेव्हा आहे त्याच चिपवर ठसा लवकर काढायचा, हे काम सरांकडे आलं.

सी नावाच्या जुन्या भाषेत हे सगळं लिहिलेलं असतं. पेटीतला, पाठ्यपुस्तकातून जसाच्या तसा उचललेला कोड सरांनी घेतला आणि आठ बोटांवर बसले. त्या गणितात आठ आकडे आठ घरांत ठेवलेले असतात आणि प्रत्येक फेरीला सगळे एकेक घर पुढे सरकतात. पुस्तकातला कोड त्यांना खरोखर उचलून सरकवत होता, आणि आमच्या गरीब चिपचा बराच वेळ या उचलठेवीत जात होता. एका दुपारी आम्ही जिन्यात उभे होतो, खाली पंगत बसली होती. सर म्हणाले, "समज, भात वाढून झाला की सगळी पंगत उठून एकेक पाट पुढे सरकते. मग वरण. मग पुन्हा उठते. असं कोणी करते काय? लोकायले बसू दे न गा. वाढणाऱ्याले फिरव." मग त्यांनी आठ फेऱ्या ओळीने उलगडून लिहिल्या, प्रत्येक फेरीत घरांची नावं बदलली आणि आकडे जागच्या जागी बसून राहिले. एवढं मला समजलं. आयुष्यात समजलेला तो माझा एकमेव कोड.

दुसरी सुधारणा याहून साधी होती. हे गणित मजकूर एका डब्यात भरून घेतं. डब्याला चौसष्ट खण, त्यातले शेवटचे काही मजकुराची लांबी लिहायला राखून ठेवलेले. मजकूर त्यात मावला नाही तर दुसरा डबा घ्यायचा. पुस्तकातला कोड कोणत्याही लांबीला तयार असल्यामुळे पावलोपावली थांबून विचारत बसे, की दुसरा डबा लागेल का? सरांनी आमची पावती पाहिली. तिच्यावर एका डब्याहून जास्त अक्षरं छापायला जागाच नव्हती. त्यांनी दुसऱ्या डब्याचा सगळा भाग काढून टाकला. "जो पाहुणा येणारच नाही, त्याच्यासाठी पान काहून मांडू?" हजारो पावत्या घालून त्यांनी नवा कोड आणि पुस्तकातला कोड शेजारी शेजारी चालवला. ठसे तंतोतंत जुळले. संध्याकाळची शेवटची पावतीही सकाळच्या पहिल्या पावतीसारखी चटकन निघू लागली.

वाडीची रांग नाहीशी झाली. संचालकांनी कोडला 'वज्रवेग' नाव दिलं आणि खालच्या कार्यालयात, एका साखरपुड्यानंतर आणि दुसऱ्याच्या आधी, सत्कार ठेवला. शाल, श्रीफळ, साखरपुड्याचीच फुलं. संचालक अर्धा तास बोलले. त्यात ऋषिमुनी होते, शून्याचा शोध होता, सर मात्र शेवटी आले आणि तेही चुकीच्या नावाने. मग त्यांनी जाहीर केलं की पेटीवरून आता मायमराठीतही पावती निघेल. टाळ्या झाल्या. सर शाल पांघरून घामाघूम बसले होते, त्यांनीही वाजवल्या. परत वर येताना म्हणाले, "उन्हाळ्यात शाल देतात. थंडीत आईस्क्रीम देत असतील."

मराठीचं काम दुसऱ्या मुलांनी केलं. पावती तेवढीच राहिली, अक्षरंही तेवढीच.

पुढे काही आठवड्यांनी संचालकांनी मला बोलावलं. चेहरा प्रसन्न होता. वाडीच्या एका काट्यावर चोरी पकडली गेली होती, आणि ती आमच्या यंत्रणेने पकडली होती. काट्याच्या मालकाच्या मुख्य ऑफिसात मोठा संगणक सगळ्या पावत्यांचे ठसे पुन्हा काढून ताळा करत असे. तिथे घाई नव्हती, त्यामुळे पुस्तकातलाच कोड होता. त्या काट्यावरच्या बऱ्याच पावत्यांचे ठसे जुळले नव्हते. त्या सगळ्या एकाच बाईच्या हातच्या: शोभा नेवारे, खिडकीत बसणारी. तिला घरी बसवलं होतं आणि पोलिसांत द्यायचं की नाही यावर मालकाचा विचार चालू होता. मी वर्तमानपत्रांसाठी एक निवेदन लिहायचं होतं. नागपूरच्या तंत्रज्ञानाने वजनचोरी पकडली, अशा अर्थाचं. संचालक म्हणाले, "नाव देऊ नका त्या बाईंचं. आपण माणुसकी सोडायची नाही."

मी लिहायला बसलो. सर चहा घेऊन आले आणि माझ्या खांद्यावरून वाचू लागले. विचारलं, की त्या बाईच्या सगळ्याच पावत्या बिघडल्या काय? नाही, म्हटलं, काही. वजनं वाढवलेली की कमी केलेली? तेही मला कोणी सांगितलं नव्हतं. मी काट्याच्या मालकाच्या ऑफिसात फोन करून विचारलं तर कळलं, वजनं बरोबर होती. माल बरोबर, गाड्यांचे नंबर बरोबर. फक्त ठसा चुकीचा.

"म्हणजे तिनं चोरी करून काहीच नेलं नाही," सर म्हणाले. "असा चोर मले पाहायचा आहे."

त्यांनी त्या पावत्या मागवून घेतल्या आणि एकीखाली एक ठेवल्या. यावेळी डोळे मिटले नाहीत. बराच वेळ पाहत राहिले. मग एकदम खुर्चीत मागे टेकले आणि त्यांचा चेहरा मी ओळखतो त्याहून वयस्क दिसला.

सगळ्या पावत्या मराठीत होत्या. वाडीतल्या बाकी काटेवाल्यांनी सवयीने इंग्रजीच चालू ठेवलं होतं. या एका बाईने मराठीत टाकायला सुरुवात केली होती, आणि तेही पार्टीचं पूर्ण नाव, गावासकट. कागदावर इंग्रजी अक्षराला एक जागा लागते तशी मराठीलाही एकच लागते. चिपच्या पोटात मात्र इंग्रजी अक्षर एक खण घेतं आणि मराठी तीन. नाव लांब असलं की मजकूर डब्याबाहेर जात होता. दुसरा डबा सरांनी काढून टाकला होता, त्यामुळे शेवटच्या अक्षरांवरच लांबीचा आकडा बसत होता आणि भलताच ठसा निघत होता. पेटी स्वतःच्याच चुकीच्या गणिताने स्वतःला तपासत असल्यामुळे तिला काही वावगं दिसत नव्हतं.

"घरी मराठी, दारी मराठी, शिव्या मराठीत," सर म्हणाले. "आन टेस्टिंग केली इंग्रजीत."

मी निवेदन पुसून टाकलं. सर संचालकांच्या खोलीत गेले आणि मलाही चल म्हणाले. साक्षीदार म्हणून असावं.

संचालकांनी शांतपणे ऐकून घेतलं. मोठी माणसं चूक ऐकताना शांत असतात, ती दुसऱ्याची असली की. दुरुस्ती किती मोठी आहे, त्यांनी विचारलं. एक ओळ, सर म्हणाले. मजकूर लांब असेल तरच दुसरा डबा घ्यायचा, वेग जवळपास तोच राहील. मग आज रात्री गुपचूप टाका, संचालक म्हणाले. कोळशाच्या काट्यांचं मोठं कंत्राट आपल्याकडे येऊ घातलंय, या वेळी असलं काही बाहेर जाऊन चालणार नाही. "त्या बाईंचं म्हणाल तर त्या कंत्राटी आहेत. पोलिसांचं मी मालकांना सांगतो, नका देऊ म्हणून. त्यांना दुसरीकडे मिळेल काम."

"वाडीत चोर म्हटल्यावर दुसऱ्या काट्यावर कोण उभं करते तिले, साहेब?"

"रंगारी, भावनेत जाऊ नका."

"भावना नाही," सर म्हणाले. त्यांचा आवाज रोजच्यासारखाच दमलेला होता. "तिनं नाव बरोबर टाकलं. खोटं मशीननं सांगतलं. आन मशीन म्हणजे मी आहो."

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही दोघं माझ्या स्कूटरवरून वाडीला गेलो. गोदामांच्या रांगा, धूळ, टायरांची दुकानं. काट्याच्या खिडकीत मालकाचा पुतण्या बसला होता. मालकाला सरांनी फोन करून ठेवला होता; त्याने शोभा नेवारेंनाही बोलावलं होतं. त्या तोंडाला दुपट्टा बांधून एका बाजूला उभ्या होत्या, आणि तो त्यांनी शेवटपर्यंत सोडला नाही.

सरांनी एकच पावती दोनदा टाकून दाखवली, आधी इंग्रजीत, मग मराठीत. मुख्य ऑफिसला फोन लावून दोन्ही ठसे ताडून घेतले. पहिला जुळला, दुसरा नाही. मालकाने पुन्हा करायला लावलं. मग स्वतःच्या हाताने करून पाहिलं. "मतलब, मशीनच गलत?" तो म्हणाला. मशीन लिहिणारा गलत, सर म्हणाले.

शोभाबाई पहिल्यांदा बोलल्या. "मशीनले मराठी झेपत नव्हती त मले सांगायचं होतं, साहेब. मी इंग्रजीत टाकलं असतं. डायवर लोकायले वाचता यावं म्हणून मराठीत टाकत होती मी."

"झेपली असती बाई. मलेच नाही सुचलं." सर म्हणाले. "तुम्ही चोरी नाही केली, हे सांगायले आलो."

"ते मले माहीत होतं," त्या म्हणाल्या. "मले काहून सांगता? ह्या लोकायले सांगा न." आणि त्यांनी हाताने बाहेर दाखवलं. ट्रक उभे होते, ड्रायव्हर, क्लीनर, हमाल, चहाच्या टपरीवरची माणसं. सगळे इकडेच पाहत होते.

मला वाटलं, मालक म्हणेल राहू दे. तो दारातून बाजूला झाला. सर बाहेर गेले आणि उभं राहायला उंच जागा दुसरी नव्हती म्हणून काट्यावरच जाऊन उभे राहिले. आत खिडकीतल्या आकड्यांत त्यांचं वजन उमटलं, साठ किलो. त्यांना भाषण येत नव्हतं. एवढंच म्हणाले, की ह्या बाईनं काही केलं नाही. पेटीतला हिशोब मी लिहिला होता, मनोहर रंगारी, तो चुकला. तिच्यावर जे बोलले असाल ते माझ्यावर बोला.

एका ड्रायव्हरने विचारलं, "मग पहिले काहून नाही सांगतलं?"

"पहिले मलेच माहीत नव्हतं."

ड्रायव्हरने थोडा विचार केला. हे उत्तर त्याला पटलेलं दिसलं. "बरं, उतरता काय मग? गाडी लावतो."

शोभाबाई दुसऱ्या दिवसापासून खिडकीत परत बसल्या. मालकाने त्यांची माफी वगैरे मागितली नाही, पण पुतण्याला उठवलं. आमच्या कंपनीला मात्र त्याने कळवलं की पेटीत पुस्तकातलाच जुना कोड परत टाका. सरांनी दुरुस्त केलेला कोड तयार होता. मराठी, इंग्रजी, लांब, आखूड, सगळ्या पावत्यांवर त्यांनी तो तपासला होता. कोणी पाहायलाही मागितला नाही. बाकीच्या काट्यांनीही तेच सांगितलं. वज्रवेग महिनाभरात कुठेच उरला नाही. कोळशाचं कंत्राट दुसऱ्यांना गेलं. मग एका सोमवारी संचालकांनी पुनर्रचना जाहीर केली आणि त्या रचनेत सरांची खुर्ची नव्हती. निरोपसमारंभ झाला नाही. खालचं कार्यालय त्या दिवशी रिकामंच होतं, तरी.

हुडकेश्वरला त्यांच्या घरी मी त्यानंतर एकदाच गेलो. ते पुण्याला मुलीकडे राहायला निघाले होते, सामान बांधून झालं होतं. त्यांच्या पत्नीने आम्हाला चहा दिला आणि म्हणाल्या, "याह्यले एक शब्द बोला मास्तर, झोपत नाही माणूस." मी म्हटलं, सर, तुम्ही केलं ते योग्यच होतं. असली वाक्यं बोलायची मला कॉलेजपासूनची सवय.

"ते नाही गा," ते म्हणाले. "चूक झाली, सांगतली, संपलं. पण बाकीचं काम चांगलं होतं न. पंगत जागेवर बसवली होती मी. चाळीस वर्षांत तेवढं चांगलं एकच झालं हातून." ते भिंतीकडे पाहत होते. "कोणाले सांगू? तुलेच फक्त समजलं होतं ते, आन तू त मराठीचा."

बाहेर पाण्याचा टँकर आला होता, गल्लीत बादल्यांचा आवाज सुरू झाला. विषय बदलावा म्हणून मी सांगितलं, की आदल्या आठवड्यात वाडीला गेलो होतो. शोभाबाई खिडकीत होत्या. पार्टीचं नाव गावासकट मराठीतच टाकत होत्या आणि पावती निघेपर्यंत मोबाइल पाहत बसत होत्या.

सरांनी मान वळवली. "संध्याकाळी गेला होता काय?"

"हो."

"लाइन लागते?"

"लागते. पार रस्त्यापर्यंत. हॉर्न चालू असतात."

त्यांनी पाण्याचा पाइप उचलला आणि टँकरकडे जायला उठले. दारात थांबून चपलेत पाय सरकवला.

"लागू दे," ते म्हणाले.